सर्व्हर बंद की वाट बंद?

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहेत. यांपैकी वेल्ह्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव व गुंजवणी या जलाशयांमुळे येथील अनेक गावांना बाजारपेठेपर्यंत पोहोचण्यासाठी मोठा वळसा पडतो. दूरच्या वाडीतून सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी निघालेल्या शेतकऱ्याचा अख्खा दिवस मोडतो. त्याला "सर्व्हर बंद आहे, उद्या या" असे सांगणे म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडविणे होय. म्हणून हे उत्तर देण्यापूर्वी सर्व्हर खरोखरच बंद आहे काय, याची खात्री करून घेणे अगत्याचे ठरते.

पूर्वी गावचे दप्तर चावडीत असे. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्यातील नोंदी गावापासून दूर ठेवलेल्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असतात. केंद्रातील संगणकाने केलेली मागणी तेथवर जाऊन उत्तर परत येण्याची वाट अनेक टप्प्यांची आहे. त्यांतील एकही टप्पा तुटला तरी पडद्यावर उतारा दिसत नाही. दोष शोधताना जवळच्या टप्प्यापासून दूरच्या टप्प्याकडे जावे, हा यातील मुख्य नियम होय.

पहिला टप्पा केंद्रातच असतो. वीज आहे काय, राउटरचे दिवे लागले आहेत काय, केबल घट्ट बसली आहे काय, हे प्रथम पाहावे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू केल्यास पुष्कळदा अडचण दूर होते. संगणकावरील दिनांक व वेळही तपासावी. आतील लहान बॅटरी संपली की घड्याळ मागे पडते. मग सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र ग्राह्य नसल्याचा संदेश येतो. हा दोष सर्व्हरचा नसतो.

दुसरा टप्पा गावाबाहेरील मार्गाचा. केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केलेल्या व पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेनुसार ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबर केबलने जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. डोंगरी भागात रस्त्याचे खोदकाम किंवा दरड यांमुळे ही केबल तुटू शकते. भोर-महाड मार्गावरील वरंधा घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, हे सर्वांस ठाऊक आहेच. केबलमधून प्रकाश येईनासा झाला की भिंतीवरील पेटीत 'एलओएस' या अक्षरांजवळचा लाल दिवा लागतो. अशा वेळी संगणकाशी झटापट व्यर्थ असते. केबलची देखभाल करणाऱ्या यंत्रणेस त्वरित कळवावे.

दिवे ठीक असतील तर दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल तर दोष अलीकडेच आहे. इतर स्थळे उघडतात व हवे तेच उघडत नाही, असे असल्यास पडद्यावरील संदेश नीट वाचावा. "पत्ता सापडला नाही" असा अर्थ असेल तर नावावरून सर्व्हरचा क्रमांक शोधणारी डीएनएस ही व्यवस्था तपासावी. "मुदत संपली" याचा अर्थ मागणी गेली, पण उत्तर आले नाही. वाट तुटलेली असते किंवा सर्व्हरवर भार फार असतो. "जोडणी नाकारली" असे आल्यास वाट बहुधा खुली असून तेथील सेवा थांबलेली असते. परवलीचा शब्द चुकल्याचा संदेश आला, तर सर्व्हरने उत्तर दिले आहे, हे उघड आहे.

शेवटी तेच संकेतस्थळ भ्रमणध्वनीच्या इंटरनेटवरून उघडून पाहावे. तेथे उघडल्यास सर्व्हर चालू आहे, हे सिद्ध होते. शिवाय त्याच जोडणीवर संगणक चालवून समोरच्या माणसाचे काम त्याच दिवशी उरकता येते.

प्रत्येक केंद्रात एक साधी नोंदवही ठेवावी. बिघाडाची वेळ, दिव्यांची स्थिती व संदेशाचे नेमके शब्द तीत लिहावेत. "चालत नाही" एवढ्याच तक्रारीपेक्षा अशा नोंदीमुळे दुरुस्ती योग्य ठिकाणी व लवकर होते. ग्रामपंचायत सदस्यांनी ही वही मासिक सभेत पाहिल्यास कोणता टप्पा वारंवार तुटतो, हे लक्षात येईल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. वाट कोठे तुटली, हे शोधण्यात घालविलेली दहा मिनिटे त्या हक्काच्या रक्षणासाठीच खर्ची पडतात.