चैत्रात मुळशीच्या काठाने

पुणेकर मुळशीला पावसात जातो. ताम्हिणीच्या धबधब्याखाली भिजायचं, भाजलेलं कणीस खायचं, गाड्यांच्या रांगेत अडकायचं आणि ओल्या कपड्यांनी परतायचं. त्या दिवसांत धुक्यामुळे तलाव बऱ्याचदा दिसतही नाही. तो पाहायचा तर पाडव्याच्या आगेमागे जावं. फक्त उजाडायच्या आत पुणं सोडावं, कारण अकरानंतरचं ऊन सह्याद्रीतही कुणाची गय करत नाही.

चांदणी चौक, पिरंगुट, पौड, माले असा रस्ता ताम्हिणीकडे जातो. धरणाच्या भिंतीवर जाऊ देत नाहीत आणि तिथे जाण्यासारखं फार काही नाहीही. ताम्हिणीच्या अलीकडे लोणावळ्याचा फाटा फुटतो. त्या रस्त्यावर वडुस्ते गाव आहे आणि त्याच्या डोक्यावर कैलासगड. दिवसभराची चाल या बाजूला करावी. सकाळी गड, मग उतरून काठाकाठाने, झाडांची सावली धरत. गडावर बांधकाम थोडंच उरलं आहे. कातळात खोदलेलं टाकं आहे, पण या दिवसांत त्याच्या भरवशावर राहू नये. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यावं. गडावर जायचं ते तलावासाठी. डोंगरांच्या सोंडांमध्ये घुसलेले पाण्याचे फाटे वरून पाहिले की हा मुळात तलाव नव्हे, बुडालेलं खोरं आहे, हे कुणी सांगावं लागत नाही.

आल्प्समधली तळी वसंतात बर्फ वितळून भरू लागतात. मुळशीचं उलटं. इथे पाऊस चार महिन्यांत सगळं देऊन टाकतो. ताम्हिणीच्या माथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर सहज पडतो, पुण्याच्या सातआठ पट. उरलेले आठ महिने पाणी खाली खाली जात राहतं. काठावर तांबड्या मातीचे पट्टे एकाखाली एक उघडे पडतात. त्यांवर चालताना जपावं. गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, आत मात्र पाय घोट्याच्या वर रुततो. पोहायचा मोह तर टाळावाच.

हे पाणी उन्हाने आटत असेल, असं वाटतं. थोडं आटतंही, पण बहुतेक पाणी पश्चिमेला जातं. मुळा नदीचा स्वभाव पूर्वेला वाहण्याचा: दापोडीजवळ पवनेला घ्यायचं, पुण्यात मुठेला भेटायचं, पुढे भीमा, कृष्णा आणि बंगालचा उपसागर. टाटा कंपनीने ती अडवली आणि तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणाकडे वळवलं. सुमारे पाचशे मीटर खाली, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला ते जनित्रं फिरवतं. हे वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज हवी होती, त्यासाठी खोपोली आणि भिवपुरीनंतरची ही योजना.

खोरं मात्र रिकामं नव्हतं. मुळा आणि निळा या नद्यांच्या काठावर पन्नासच्या आसपास गावं होती, आणि आंबेमोहोराची भातखाचरं. मोबदल्याचा प्रश्न सरळ नव्हता. बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांना पैशात रस, कसणाऱ्याला जमिनीत. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. म्हणजे चैत्रातच, याच उन्हात. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तेव्हाची. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती या लढ्यामुळे. विनायकराव भुस्कुटे त्यांचे सहकारी. काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं. सत्याग्रही तुरुंगात जात राहिले. शेवटी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९२४ च्या अखेरीस लढा संपला. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. नर्मदेचं आंदोलन ठाऊक असलेल्या किती मराठी मुलांना मुळशीचं ठाऊक असतं, हा प्रश्न मला सतावतो.

आता रान. पांगारा आणि काटेसावर फुलून सरत आलेली असतात. कुसुंब मात्र ऐन भरात. त्याची कोवळी पालवी लालभडक असते, लांबून फुलंच वाटतात. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी घमघमतात, फळाला मेपर्यंत थांबावं लागतं. अंजनीकडे विशेष लक्ष ठेवा. एरवी नजरेत न भरणारं हे झाड या दिवसांत फांदीला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांनी भरतं. तांबटाची टुक्‌टुक दुपारीही थांबत नाही. माना वर करून चाललात तर उंच झाडांवर शेकरूची काटक्यापानांची घरटी दिसतील. एकच शेकरू अशी अनेक बांधतं, तेव्हा घरटं दिसलं म्हणजे शेकरू दिसेलच असं नाही. याच रानातला काही भाग २०१३ पासून ताम्हिणी अभयारण्य आहे.

खाचरांत काळे चौकोन दिसतात आणि शहरातले लोक लगेच वणवा म्हणून हळहळतात. ते राब आहेत. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून भाजायच्या आणि त्या जागेवर पावसाच्या सुरुवातीला भाताची रोपं वाढवायची, ही इथली जुनी रीत. वणवे खरेच लागतात, पण ते डोंगरउतारावरच्या गवताला. सिगारेटचं थोटूक टाकणाऱ्या पर्यटकाने शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नये.

हे पाणी पूर्वेकडे, भीमेच्या तहानलेल्या खोऱ्याला द्यावं, अशी मागणी अधूनमधून होते. विजेला आता दुसरे मार्ग आहेत, पाण्याला नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद मला पटतो. पण भिऱ्याहून हे पाणी ज्या कुंडलिका नदीत जातं, तिच्या काठानेही शंभर वर्षांत त्याची सवय करून घेतली आहे. मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाट उतरून कोलाडला जा. भर उन्हाळ्यात तिथे राफ्टिंग चालतं ते भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावर. सकाळी वीजघरातून पाणी सुटलं की नदी चढते आणि रबरी होड्या निघतात.