गप्प सावकार आणि मुक्ततेचा हुकूम

कर्जाचा प्रश्न आपल्या चळवळीने सावकारशाहीचा प्रश्न म्हणून मांडला आणि ते योग्यच झाले. परंतु कर्ज संपते कसे, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. कर्ज घेतल्याचा दिवस घरात सर्वांना आठवतो. ते संपल्याचा दिवस मात्र कोणालाच सांगता येत नाही. फेड झाली असे बाप म्हणतो आणि बापाच्या मागे मुलाच्या दारात मागणी येते. म्हणून कर्जाच्या शेवटाला तारीख असणे ही माणसाच्या स्वातंत्र्याची बाब आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. कोकणातील त्या व्यवस्थेत खंडाची बाकी आणि पावसाळ्यातील खावटी यांचा हिशेब सहसा देणाऱ्याच्याच वहीत असे. वही ज्याच्या घरी, शेवटचा शब्दही त्याचाच. अशा ठिकाणी देणारा गप्प राहिला म्हणजे त्याने कर्ज सोडले असे नव्हे. बाकी उभी आहे तोवर कुळाचे श्रम स्वस्त मिळतात आणि त्याची मान खाली राहते. सावकाराचे मौन हेच त्याचे हत्यार असते.

या मौनाला कायद्याने मुदत घातली, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. मुंबई प्रांताच्या 1947 च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने कर्जाच्या तडजोडीसाठी 1 ऑगस्ट 1947 पूर्वी न्यायालयात अर्ज करण्याची मुभा ऋणको व धनको या दोघांनाही दिली. मुदतीत अर्ज झाला नाही, किंवा नोटीस मिळूनही धनकोने आपल्या येण्याचे निवेदन दिले नाही, तर ते कर्ज नष्ट होई. पुढे महाराष्ट्राच्या 1975 च्या कर्जमुक्ती कायद्याने अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर, मजूर व कामगार यांची सावकारी कर्जे रद्द केली आणि गहाण वस्तू परत देवविल्या. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली तो वैध ठरविला. मात्र सरकार, बँका व सहकारी संस्था यांची येणी त्यातून वगळलेली होती.

आज सर्वसामान्य ऋणकोला उपलब्ध असलेला मार्ग 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याचा आहे. सिंधुदुर्गातील माणसाने त्यासाठी ओरोसच्या जिल्हा न्यायालयाकडे जायचे. अर्जात सर्व धनकोंची, माहीत असतील तितकी, नावे, पत्ते व रकमा द्याव्या लागतात. न्यायालयाने नादार ठरविल्यावर मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे यांसारख्या वस्तू, ज्यांच्यावर जप्ती येऊ शकत नाही, त्या मात्र त्याच्याकडेच राहतात. मग धनको आपापली येणी शाबीत करतात आणि त्यांची यादी तयार होते.

शेवटचा टप्पा येतो तेव्हा खरी वाट पाहणे सुरू होते. शेवटच्या वाटणीपूर्वी रिसीव्हर, ज्यांचे येणे कळविले गेले पण शाबीत झाले नाही, अशा धनकोंना नोटीस देतो. मुदतीत शाबिती केली नाही तर तुमच्याशिवाय वाटणी होईल, असे ती सांगते. न्यायालय एखाद्याला वाढीव मुदत देऊ शकते. ती संपली की यादीतील धनकोंमध्येच वाटणी होते. मात्र मुक्ततेपूर्वी केव्हाही येऊन यादीत नाव घालण्याचा अर्ज धनको करू शकतो. आधी झालेली वाटणी त्याला मोडता येत नाही, एवढेच.

येथेच आपली माणसे फसतात. कोणी मागणी केली नाही, वाटणीही झाली, म्हणजे सुटलो असे त्यांना वाटते. परंतु मुक्तता आपोआप मिळत नाही. नादार ठरविताना न्यायालय जी मुदत देते, त्या मुदतीत ऋणकोने स्वतः मुक्ततेचा अर्ज करायचा असतो. तो केला नाही तर नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो आणि सारी कर्जे पुन्हा उभी राहतात. अर्ज केल्यावरही न्यायालय धनकोंचे आक्षेप ऐकते. मुक्तता नाकारू शकते, पुढे ढकलू शकते किंवा अटी घालू शकते. हुकूम मिळाला मात्र, तर जो धनको गप्प राहिला त्याचेही शाबीत होण्याजोगे येणे संपते. सरकारचे येणे आणि कपटाने घेतलेले कर्ज यांना ही सुटका नाही. जामीनदारही सुटत नाही. आपल्या वस्तीत जामीन बहुधा भाऊ किंवा शेजारी असतो, हे विसरता कामा नये.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत गरिबांसाठी नव्या सुरुवातीची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांपर्यंत, मालमत्ता 20,000 पर्यंत आणि कर्ज 35,000 पर्यंत असलेल्या, स्वतःच्या मालकीचे घर नसलेल्या ऋणकोसाठी ती आहे. पण ती अद्याप अमलात आलेली नाही. कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठीचा भाग मात्र 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला. कोणाच्या कर्जमुक्तीची घाई होती, हे यावरून दिसते.

म्हणून कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी भाषणाबरोबर हेही काम हाती घ्यावे : तोंडी कर्जांसह प्रत्येक धनकोची यादी लिहून ठेवणे, नोटिसांच्या तारखा सांभाळणे, मुदतीत मुक्ततेचा अर्ज करविणे आणि हुकुमाची प्रमाणित प्रत घरात ठेवणे. ज्याच्या हाती ती प्रत आहे, त्याच्या मुलाला सावकाराच्या वहीचे भय उरत नाही.