वेबसाईटवरील पानाला पासवर्ड : खरे कुलूप कोणते आणि नुसता पडदा कोणता?

आज अनेक तरुण कार्यकर्ते स्वतःची वेबसाईट चालवतात. कार्यक्रमांच्या बातम्या, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, शिष्यवृत्तीची माहिती, व्याख्यानांचे व्हिडीओ असे साहित्य त्यावर असते. पुढे त्याच वेबसाईटवर 'फक्त कार्यकर्त्यांसाठी' असे एक पान तयार होते. त्यावर सभासदांचे मोबाईल क्रमांक, विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, अत्याचाराच्या प्रकरणातील कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे येतात. पानाला पासवर्ड दिला की माहिती सुरक्षित झाली, असे आपण समजतो. परंतु पासवर्ड विचारणारे प्रत्येक पान खरोखर बंद असतेच असे नाही. ही माहिती आपली नसून विश्वासाने आपल्याकडे आलेल्या लोकांची असते. म्हणून हा विषय नीट समजून घेणे आवश्यक आहे.

काय झाकायचे, काय उघडे ठेवायचे?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. वर्गणीचा हिशोब, कार्यकारिणीची नावे, ठराव, कार्यक्रमाचा खर्च हे कुलपात ठेवायचे विषय नाहीत. ते लोकांसमोर असलेच पाहिजेत. जी माहिती उघड झाल्यास एखाद्या व्यक्तीला त्रास होऊ शकतो, त्या माहितीसाठी पासवर्ड आहे.

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. लोकांना पाहता येणाऱ्या अभिलेखांतूनही साक्षीदारांची नावे आणि पत्ते वगळण्याचा अधिकार त्यातून विशेष न्यायालयाला मिळाला. गावात साक्षीदारावर किती दबाव येतो, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. न्यायालय जे नाव झाकू शकते, ते आपल्या वेबसाईटवरून बाहेर पडता कामा नये.

"एफआयआर तर पोलिसांच्या वेबसाईटवर असतोच," असे काही जण म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर वेबसाईटवर टाकण्याचे आदेश दिले, हे खरे आहे. मात्र त्याच आदेशात लैंगिक गुन्हे, पॉक्सो आणि इतर संवेदनशील प्रकरणे वगळली आहेत. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. अशी कागदपत्रे पासवर्ड लावूनही वेबसाईटवर ठेवू नयेत. ती वकिलाकडे किंवा इंटरनेटला न जोडलेल्या पेन ड्राईव्हवर असावीत.

कुलूप दिसते, पण नसते

खऱ्या कुलपाची ओळख एकच. पासवर्ड बरोबर आहे की नाही, हे सर्व्हर तपासतो आणि त्यानंतरच पानाचा मजकूर पाठवतो. पुढील तीन प्रकारांत तसे होत नाही.

पहिला प्रकार जावास्क्रिप्टचा. पान उघडताच चौकट येते आणि पासवर्ड विचारते. परंतु तोपर्यंत संपूर्ण मजकूर वाचकाच्या संगणकावर पोहोचलेला असतो. ब्राऊझरमध्ये 'व्ह्यू सोर्स' केले की मजकूर दिसतो आणि बहुतेक वेळा पासवर्डही तिथेच लिहिलेला सापडतो.

दुसरा प्रकार लपवलेल्या लिंकचा. मेनूमध्ये पान दाखवायचे नाही आणि लिंक मोजक्या लोकांना द्यायची. अशी लिंक एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड झाली की ती कुठपर्यंत गेली, हे कोणालाच कळत नाही. गूगल ड्राईव्हवरील 'लिंक असलेला कोणीही' या पर्यायाचेही तसेच आहे.

तिसरा प्रकार रोबोट्स फाईलचा. ही फाईल सर्च इंजिनांना "या पानाकडे येऊ नका" अशी विनंती करते. ती विनंतीच असते. कोणाला अडवत नाही. शिवाय ही फाईल कोणीही वाचू शकतो. त्यामुळे गुप्त पान कुठे आहे, याचा पत्ता आपणच जाहीर करतो.

वर्डप्रेसमधील सोय आणि तिची मर्यादा

वर्डप्रेसमध्ये प्रत्येक पानाला वेगळा पासवर्ड देता येतो. पान लिहिताना बाजूच्या पट्टीत 'व्हिजिबिलिटी' किंवा नव्या आवृत्तीत 'स्टेटस' या ठिकाणी तो पर्याय असतो. ही तपासणी सर्व्हरवर होते, म्हणून पानातील मजकुरासाठी हे खरे कुलूप आहे. तरीही तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, पानाचे शीर्षक झाकले जात नाही. शीर्षकातच पीडित कुटुंबाचे आडनाव आणि गाव लिहिले, तर पासवर्डचा उपयोग काय? दोन, एकदा पासवर्ड टाकला की तो ब्राऊझर साधारण १० दिवस पान पुन्हा न विचारता उघडतो. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या मोबाईलवर हे धोक्याचे आहे. तीन, आणि सर्वांत महत्त्वाचे : पानावर जोडलेले फोटो आणि पीडीएफ या पासवर्डमध्ये येत नाहीत. त्या फाईल अपलोडच्या फोल्डरमध्ये वेगळ्या राहतात. त्यांची थेट लिंक ज्याच्याकडे आहे, त्याच्यासमोर दाखला पासवर्डशिवाय उघडतो. म्हणजे दाराला कुलूप आहे, पण कपाट अंगणात ठेवले आहे.

फाईलसाठी फोल्डरलाच कुलूप

फाईल ठेवायच्याच असतील, तर त्यासाठी वेगळा फोल्डर करून त्या फोल्डरला सर्व्हरवर पासवर्ड लावावा. अनेक होस्टिंग कंपन्यांच्या सी-पॅनेलमध्ये 'डिरेक्टरी प्रायव्हसी' नावाची सोय असते. फोल्डर निवडायचा, संरक्षण सुरू करायचे आणि प्रत्येक कार्यकर्त्याला वेगळे युजरनेम आणि पासवर्ड द्यायचा. मग त्या फोल्डरमधील पान, फोटो, पीडीएफ असे सर्व काही या कुलपात येते.

या पद्धतीत पासवर्ड प्रत्येक वेळी सर्व्हरकडे जातो आणि तो सहज उलगडता येईल अशा रूपात असतो. म्हणून वेबसाईटचा पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होणारा असलाच पाहिजे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून मोफत मिळते. यात 'लॉग आऊट'चे बटण नसते, त्यामुळे काम झाल्यावर ब्राऊझर पूर्ण बंद करावा.

हे कुलूप बाहेरच्या माणसाला अडवते. होस्टिंगचे खाते ज्याच्या हाती आहे, तो मात्र फाईल पाहू शकतो. म्हणून त्या खात्याचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे, याचीही नोंद हवी.

किल्ली कोणाकडे?

आपल्याकडे पासवर्ड ठेवताना संघटनेचे नाव, 'जयभीम' किंवा १४ एप्रिल ही तारीख हमखास वापरली जाते. आपल्याला ओळखणारा, आणि आपल्याला विरोध करणाराही, सर्वांत आधी हेच टाकून पाहील. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब पासवर्ड करावा. तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न टाकता फोनवर किंवा समक्ष सांगावा.

कार्यकर्ते येतात-जातात, कधी मतभेदही होतात. वर्डप्रेसच्या पानाला सर्वांसाठी एकच पासवर्ड असतो. एक जण बाहेर पडला तरी तो बदलून उरलेल्या सर्वांना कळवावा लागतो. फोल्डरच्या पद्धतीत फक्त त्या एका व्यक्तीचे युजरनेम काढले की पुरते. साहजिकच, जिथे माणसे वारंवार बदलतात तिथे दुसरी पद्धत सोयीची.

आधी उघडे असलेले पान

एखादे पान काही महिने उघडे होते आणि आज आपण पासवर्ड लावला, तरी जुनी प्रत इतरत्र राहू शकते. गूगलच्या 'सर्च कन्सोल'मधून ते पान शोधातून काढण्याची विनंती करता येते. 'इंटरनेट अर्काइव्ह'च्या 'वेबॅक मशीन'मध्ये प्रत गेली आहे का, तेही पाहावे आणि असल्यास ती हटवण्यासाठी ईमेल करावा.

पाच मिनिटांची तपासणी

ज्या मोबाईलवर आपण कधीच लॉग इन केलेले नाही, असा मोबाईल घ्या. इनकॉग्निटो विंडोमध्ये पानाची लिंक उघडा. पासवर्ड विचारला, तर अर्धे काम झाले. आता त्या पानावरील एखाद्या पीडीएफची थेट लिंक तिथेच टाका. ती उघडली, तर कुलूप कच्चे आहे. अशी फाईल त्याच वेळी वेबसाईटवरून काढून टाका. दुरुस्ती नंतर करता येईल.

ज्या विद्यार्थिनीने दाखला दिला, ज्या साक्षीदाराने धाडस करून नाव सांगितले, त्यांनी आपली वेबसाईट कशी चालते हे पाहून ते दिलेले नाही. आपल्याला पाहून दिले आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ही तपासणी घ्या आणि तिची जबाबदारी एका कार्यकर्त्याच्या नावावर लिहा.