ही पाटी कोणी लावली?

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेस उतरून जयप्रकाश मार्गाने वर्सोव्याच्या दिशेस चालू लागावे आणि डाव्या-उजव्या बाजूच्या गल्ल्यांत डोकवावे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या फाटकाआड एक पाटी वारंवार दृष्टीस पडते. कोठे ती मराठीत असते, कोठे इंग्रजीत. कोठे विनंतीवजा, कोठे दंडाची धमकी देणारी. आशय मात्र सर्वत्र एकच: ‘आवारात खेळण्यास मनाई आहे.’ परक्यांच्या अमदानीत कित्येक क्लबांच्या दारी हिंदी माणसास मज्जाव असे व त्या अपमानाने आपल्या वाडवडिलांचे रक्त तापत असे. ही पाटी कोणा परक्याने लावलेली नाही. सर्वसाधारण सभा भरवून, सूचक-अनुमोदक नोंदवून, हात वर करून आपण ती आपल्याच मुलांविरुद्ध लावलेली आहे.

काही दिवसांपूर्वी एका संस्थेचे चिटणीस आमच्याकडे कायदेशीर नोटिशीचा मसुदा करून घेण्यासाठी आले होते. एका नऊ वर्षांच्या मुलाने मारलेल्या चेंडूने उभ्या मोटारीचा आरसा फुटला होता व नोटीस त्या मुलाच्या बापास जावयाची होती. गृहस्थ सालस होते, रागावलेलेही नव्हते. संस्थेचा ठराव होता म्हणून आले होते. मुलांनी खेळावे तरी कोठे, असे आम्ही त्यांस विचारले. खाली मोटारी असतात, ते म्हणाले. वर पोडियमवर बाग आहे. परंतु तिच्या गवतावर पाय ठेवावयाचा नाही, व ज्येष्ठ मंडळी बसतात म्हणून तेथे गलका करावयाचा नाही. मग काय राहिले? चिटणीस थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, आमच्या लहानपणी आम्ही दिवेलागणीपर्यंत घरी येत नव्हतो.” नोटिशीचा मसुदा आम्ही करून दिला नाही, आरशाच्या किमतीची तडजोड मात्र सुचविली, आणि ती उभयपक्षी मान्य झाली.

चिटणिसांच्या त्या उद्गारात या प्रश्नाचे सारे मर्म आहे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेला जो वर्ग मुलांस फाटकाबाहेर जाऊ देत नाही, तो स्वतः लगोरी, विटीदांडू, लपंडाव व गल्लीतले क्रिकेट खेळूनच वाढला. शाळेत तो पायी गेला, कोपऱ्यावरून पाव व दूध आणले, वेळप्रसंगी लोकलने एकटा आजोळी गेला. मुंबईचे क्रिकेट ज्यांनी नावारूपास आणले त्यांतील कितीतरी मुले खांद्यावर किटची पिशवी घेऊन उपनगरांतून आझाद मैदान वा शिवाजी पार्क गाठत. त्यांच्यामागे मोटार घेऊन कोणी आई-बाप धावत नव्हते. मग एका पिढीत असे काय झाले, की बारा वर्षांचा मुलगा समोरच्या वाण्याकडे एकटा जाणे ही धाडसाची गोष्ट ठरावी?

भय निष्कारण आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आई-बापांच्या भयास हसणे हा सुधारकाचा धर्म नव्हे. पण ज्या भयापोटी मुलाचे स्वातंत्र्य हिरावून घ्यावयाचे, त्याची उलटतपासणी तरी झाली पाहिजे. सर्वांत मोठे भय सांगितले जाते ते परक्या दुष्ट माणसाचे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या नोंदींत आरोपी बहुतांशी मुलाच्या ओळखीचाच असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तेव्हा दाराला कडी लावल्याने तो धोका बाहेर राहतो, ही समजूत चुकीची आहे. नको त्या स्पर्शास ठामपणे ‘नाही’ म्हणणे, ओरडणे, घरी येऊन न भिता सांगणे ही शक्ती ज्या मुलास आली त्याचे रक्षण अधिक होते. आणि स्वतःच्या बुद्धीने चार पावले टाकण्याची सवय ज्यास कधी लागलीच नाही, त्यास ती ऐनवेळी कोठून येणार?

दुसरे भय मोटारीचे, आणि ते सर्वस्वी खरे आहे. परंतु येथे आमची न्यायबुद्धी उलटी चालते. रस्त्यावर धोका वाहन निर्माण करते, आणि कोंडले जाते मूल! इंग्लंडात मेयर हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेली पाहणी या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारी आहे. १९७१ साली तेथील सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ८० मुले एकटी शाळेत जात; १९९० साली हे प्रमाण शेकडा ९ वर आले होते. त्याच काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या घटली, म्हणून रस्ते सुरक्षित झाल्याचा डांगोरा पिटला गेला. हिलमन यांचे उत्तर सरळ होते: रस्ते सुरक्षित झाले नाहीत, त्यांवरून मुलेच नाहीशी झाली. अंधेरीस हे उत्तर शब्दशः लागू पडते. पदपथावर दुचाक्या व दुकानांची मांडणी, चौकात कोणी कोणास थांबू देत नाही, आणि पूर्व-पश्चिम ओलांडणे हे तर मोठ्या माणसांसही संकट. ३ जुलै २०१८ रोजी गोखले पुलाचा पादचारी भाग रेल्वेमार्गावर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पूल बंद झाला व त्याची एक बाजू खुली होण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडला. या अवधीत मोटारींच्या खोळंब्याविषयी रकानेच्या रकाने लिहिले गेले. शाळकरी मुलाने पलीकडे कसे जावे, हा प्रश्न त्या मानाने कितीसा विचारला गेला?

आता कायद्याकडे वळू, कारण तेथे मुलांची बाजू वाटते त्याहून बळकट आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्याने मनोरंजनाची मोकळी जागा सोडलीच पाहिजे असे बंधन होते: १,००१ ते २,५०० चौरस मीटरांपर्यंत शेकडा १५, १०,००० पर्यंत शेकडा २०, त्यापुढे शेकडा २५. ही जागा पोडियमवर, म्हणजे मोटारतळाच्या छपरावर, दाखवून भागविण्याची युक्ती निघाली. मुंबई महापालिका विरुद्ध कोहिनूर सीटीएनएल कंपनी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१३ रोजी ती युक्ती अमान्य केली आणि नियमाने ठरलेली किमान जागा जमिनीवरच असली पाहिजे असा निर्णय दिला. पुढे २०१८ च्या नव्या नियमावलीने यांपैकी काही भाग पुन्हा पोडियमवर देण्याची वाट मोकळी केली, हे आमच्या मते मुलांच्या तोंडचा घास काढण्यासारखे झाले. माती पायाला लागणे आणि फरशीवर रबराची चटई अंथरणे यांतील भेद कळावयास न्यायाधीशाची बुद्धी लागत नाही. असो. ज्या संस्था त्या जुन्या नियमाखाली उभ्या राहिल्या त्यांच्या सभासदांनी आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा एकदा तरी काढून पाहावा. आज जेथे पांढऱ्या रेघा मारून मोटारी उभ्या आहेत, तीच जागा नकाशात मुलांच्या नावे असल्याचे आढळणे अगदीच अशक्य नाही.

कायद्याचा आणखी एक धडा पालकांनी घेण्यासारखा आहे. पूर्वीच्या दंड संहितेप्रमाणेच आजच्या भारतीय न्याय संहितेतही सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही. सात ते बारा या वयात मुलाची समज किती परिपक्व झाली आहे हे पाहावे लागते. म्हणजे समज क्रमाक्रमाने येते, हे दंडशास्त्रासही मान्य आहे. आपल्या घरात मात्र अठरा वर्षांपर्यंत शून्य व त्यानंतर एकदम पूर्ण, असा चमत्कारिक हिशेब चालतो. ज्याच्या हाती आपण कधी वीस रुपये देऊन पाव आणावयास धाडले नाही, त्याच्या हाती अठराव्या वर्षी देशाचे राज्य कोणी चालवावे हे ठरविणारे मत देतो! आमच्याकडे कायद्याने मुलास कोंडून घातलेले नाही, हे तरी भाग्यच. अमेरिकेत मुलास एकटे खेळू दिले म्हणून पालकांच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागू लागला, तेव्हा यूटा संस्थानास २०१८ साली ‘ही हेळसांड नव्हे’ असा कायदाच करावा लागला.

खेळाच्या शिकवणीचे वर्ग लावले आहेत, मग आणखी काय हवे, असे कोणी म्हणेल. वर्ग चांगलेच आहेत. परंतु तेथे शिट्टी प्रशिक्षकाची, डाव त्याचा, निर्णयही त्याचाच. मोकळ्या खेळात पंच नसतो. चेंडू बॅटीला लागला की नाही यावर दहा मिनिटे भांडण होते, साक्षी होतात, मागचे दाखले निघतात, कोणी रुसून घरी जातो आणि बॅट त्याची असल्यामुळे त्यास समजावून परत आणावे लागते. वीस वर्षांच्या वकिलीत आम्ही न्यायदानाचे जे शिकलो त्याचा पाया अशाच भांडणांत घातला गेला होता, हे आम्ही विनोदाने सांगत नाही. स्वराज्य म्हणजे स्वतः नियम करणे व स्वतःच ते पाळणे. त्याची पहिली शाळा तीच.

मुलींविषयी तर बोलावयासच नको. सायंकाळी कोणत्याही बागेत जाऊन मोजावे: सात-आठ वर्षांच्या मुली मुलांच्या बरोबरीने धावताना दिसतात, बारा-तेरा वर्षांच्या जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात. कोणी तसा ठराव केलेला नसतो. आधी ‘भावाला बरोबर घेऊन जा’, मग ‘अंधार पडण्याआधी ये’, मग ‘आता तू मोठी झालीस’. स्त्रीशिक्षणाचा कैवार घेणाऱ्या या महाराष्ट्रात मुलीस पदवी मिळते, परंतु कोपऱ्यावर निष्कारण उभे राहण्याची मुभा मिळत नाही. जेथे दहा-बारा मुली रोज एकत्र खेळतात तेथे त्यांस कोणी वेडेवाकडे बोलण्यास धजत नाही. एकटीला घरात ठेवून रस्ता सभ्य होत नाही.

येथवर आम्ही फाटकाआडच्या मुलांचेच बोललो. गिल्बर्ट हिलच्या, त्या सुमारे दोनशे फूट उंच काळ्या पाषाणस्तंभाच्या, पायथ्याशी दाटलेल्या वस्तीत चित्र उलटे आहे. तेथील मुले दिवसभर बाहेरच असतात, कारण घरात जागा नाही. ती पाणी भरतात, धाकट्या भावंडांस कडेवर घेऊन हिंडतात, गटाराच्या कडेने व रिक्षांच्या मधून धावतात. एकास अंगभर पहारा व स्वातंत्र्य शून्य, दुसऱ्यास स्वातंत्र्य भरपूर व रक्षण शून्य. दोघांस हवे ते एकच आहे: चालत जाता येईल असे मैदान आणि तेथवर नेणारा सुरक्षित रस्ता. ती दोन्ही मुले एका मैदानावर एका संघात खेळली, तर जातिवर्गभेदाच्या निर्मूलनावरील आमच्या पुष्कळ अग्रलेखांपेक्षा ते काम मोठे होईल.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस व पुढे कोसबाडास हेच जाणून कार्य केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर नेली. मूल जेथे मोकळे असते तेथेच ते शिकते, हा त्यांचा विश्वास होता. आज ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर झाला. अंधेरीस वाडी उरली नाही व अंगणही नाही. १९५० साली ही अंधेरी बृहन्मुंबईच्या हद्दीत आली तेव्हा आंबोली, मरोळ, चकाला ही गावठाणे शेतांच्या मध्ये वसलेली होती. ती शेते परत येणार नाहीत, व त्यांसाठी रडत बसण्याचे कारणही नाही. पण रस्ते तर आहेत. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांस बंद करून लोकांस मोकळे केले, तेव्हा मुलांनी ते क्षणात ताब्यात घेतले. जे एका रविवारी शक्य झाले ते प्रत्येक प्रभागात दर रविवारी का होऊ नये, याचे उत्तर महापालिका व पोलीस यांजकडून मागून घेतले पाहिजे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा कायद्याप्रमाणे सप्टेंबरअखेर भरतात. हिशेब, गळती, रंगकाम व उद्वाहन यांवर तेथे तासन् तास खल होतो. त्या कार्यक्रमपत्रिकेत सभासदांनी पुढील ठराव घालावा, अशी आमची सूचना आहे: आवारातील मनाईची पाटी काढावी, रोज सायंकाळी पाच ते सात या वेळात आवाराचा एक निश्चित भाग मोटारींपासून मोकळा ठेवावा, फुटलेल्या आरशांची व काचांची भरपाई संस्थेच्या निधीतून करावी. सभेस मुलांनाही बोलवावे. त्यांस मताधिकार नाही, परंतु बोलण्यास कोणत्याही उपविधीची आडकाठी नाही. आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवावे, की त्या दिवशी पाटी उतरविण्यास शिडी लागेल.