स्थिरविद्युत हेडफोनसाठी ॲम्प्लिफायरची हेडरूम

स्थिरविद्युत हेडफोनच्या संदर्भात हेडरूम म्हणजे नेहमीच्या श्रवणासाठी लागणाऱ्या व्होल्टेजहून अधिक अशी ॲम्प्लिफायरची राखीव क्षमता होय. संगीतातील क्षणिक उच्च पातळ्या या क्षमतेमुळे अबाधित राहतात. ती अपुरी पडल्यास संकेताची शिखरे छाटली जातात व ध्वनी विकृत होतो.

रचना

या हेडफोनमध्ये दोन सच्छिद्र विद्युताग्रांच्या मध्ये अतिशय पातळ पटल ताणून बसवलेले असते. पटलावर स्थिर व्होल्टेज ठेवले जाते. जपानमधील स्टॅक्स कंपनीच्या ‘प्रो’ पद्धतीत ते ५८० व्होल्ट असते. ध्वनिसंकेत मात्र दोन्ही विद्युताग्रांना परस्परविरुद्ध कलेत दिला जातो. हेडरूमचा संबंध या संकेताच्या व्होल्टेजशी आहे, पटलावरील स्थिर व्होल्टेजशी नाही.

व्होल्टेजची गरज

स्थिरविद्युत हेडफोनची संवेदनशीलता सहसा १०० व्होल्ट (आरएमएस) संकेताला मिळणाऱ्या ध्वनिपातळीत सांगतात. स्टॅक्सच्या एसआर-००९ या हेडफोनसाठी ती १०१ डेसिबल आहे. व्होल्टेज दुप्पट केल्यास पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. त्यावरून पुढील गणित मांडता येते :

* १०० डेसिबल – सुमारे ९० व्होल्ट
* ११० डेसिबल – सुमारे २८० व्होल्ट
* ११३ डेसिबल – सुमारे ४०० व्होल्ट

सरासरी ८० डेसिबल पातळीवर ऐकताना शिखरे २० डेसिबल उंच असतील, तर सुमारे ९० व्होल्ट पुरतात. २८० आणि ४०० व्होल्टच्या ॲम्प्लिफायरमधील फरक आकड्यात मोठा दिसला, तरी ध्वनिपातळीत तो केवळ ३ डेसिबल असतो. तुलना करताना एकक पाहणे आवश्यक असते : ज्यावक्रीय संकेताचे ४०० व्होल्ट आरएमएस मूल्य म्हणजेच शिखर ते शिखर सुमारे १,१३० व्होल्ट.

विद्युतधारेची गरज

विद्युतदृष्ट्या असा हेडफोन हा एक लहान धारित्र असतो. एसआर-००९ची धारिता केबलसह ११० पिकोफॅरड आहे. त्यामुळे त्याचा विद्युत अवरोध १० किलोहर्ट्‌झला सुमारे १४५ किलोओहम असतो आणि २० किलोहर्ट्‌झला निम्मा होतो. २० किलोहर्ट्‌झला ४०० व्होल्ट टिकवण्यासाठी सुमारे ५.५ मिलिॲम्पिअर धारा लागते. संगीतात इतक्या उच्च वारंवारतेचे घटक सहसा क्षीण असतात. तरीही १ किलोहर्ट्‌झला मोजलेले कमाल व्होल्टेज प्रत्येक ॲम्प्लिफायर उच्च वारंवारतेला देऊ शकेलच असे नाही. म्हणून केवळ कमाल व्होल्टेजवरून हेडरूम ठरवणे अपुरे असते.

सुरक्षितता

हेडरूम ही क्षणिक शिखरांसाठी असते, सतत मोठ्या आवाजात ऐकण्यासाठी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास श्रवण सुरक्षित मानले जाते. पातळी ३ डेसिबलने वाढल्यास हा अवधी निम्मा होतो. या ॲम्प्लिफायरमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत विद्युतभार टिकून राहू शकतो. त्यामुळे त्याची दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घेणे आवश्यक असते.