स्टॉलवर गर्दी तुफान, गल्ल्यात उरले 150 रुपये! खाद्य महोत्सवाचा हिशेब कसा मांडायचा?

या आठवड्याच्या व्हिडिओत खाद्य महोत्सवातल्या स्टॉलचा विषय घेतला होता. आकडे भरभर सांगितले गेले, म्हणून इथे सावकाश मांडतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात शनिवार-रविवार असा दोन संध्याकाळचा खाद्य महोत्सव होता. मी आणि वहिनी सांगलीहून टेम्पोत सामान टाकून गेलो. पदार्थ एकच, थालीपीठ आणि लोणी. प्लेट 60 रुपये. दोन्ही दिवस रांग हटली नाही आणि 150 प्लेटी गेल्या. रविवारी रात्री हिशेबाला बसलो:

- विक्री: 150 × 60 = 9000 रुपये
- स्टॉलचं भाडं: 3000
- टेम्पो, जाऊन-येऊन: 750
- मदतनीस, दोन दिवस: 900
- भाजणी, तेल, लोणी, गॅस, द्रोण, कागद: प्लेटीमागे 28, म्हणजे 4200

खर्च 8850. उरले 150. वहिनी म्हणाल्या, "भावजी, पाय सुजले दोन दिवस उभं राहून, आणि एवढंच?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरं, आमची दोघांची मजुरी तर यात धरलेलीच नाही!

चूक नेमकी कुठे झाली?

खर्च दोन प्रकारचे असतात. भाडं, टेम्पो, मदतनीस हे 4650 रुपये एकही प्लेट विकली नाही तरी जाणारच. हा बांधील खर्च. दुसरा प्लेटीबरोबर वाढणारा, 28 रुपये. म्हणजे 60 च्या प्लेटीत हातात राहतात 32. आता 4650 ला 32 ने भागा. उत्तर येतं साधारण 146. म्हणजे 146 प्लेटी विकेपर्यंत आपण फक्त खर्चच भरून काढत होतो. कमाई झाली शेवटच्या चार-पाच प्लेटींवर!

"मग जास्त विकायच्या की!" असं तुम्ही म्हणाल. पण तवे दोन. एका थालीपिठाला पाच मिनिटं. तासाला 24. खरी गर्दी सात ते साडेनऊ, त्यात 60 प्लेटी. आधी-नंतरच्या मिळून 75. याच्या वर आमचे तवे जाऊच शकत नव्हते. रांग लांब दिसत होती ना, ती खपाची नव्हती, तव्याची होती.

उत्तर देवळाच्या दारात दिसलं

रविवारी सकाळी आम्ही अंबाबाईच्या दर्शनाला गेलो होतो. हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे, म्हणूनच तर किरणोत्सवात मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात जातात. वहिनींनी महाद्वाराजवळ ओटी घेतली. दर्शन झाल्यावर पेढ्यांची चार पुडकी घेतली. एक घरी, बाकी तीन शेजारी आणि माहेरी. तेव्हा काही वाटलं नाही. रात्री हिशेब करताना मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

देवळाबाहेरचा दुकानदार माणूस उभा असेपर्यंतच विकत नाही. घरी न्यायची वस्तू आधीच बांधून ठेवतो. ओटीचं ताट तयार, पुडकी तयार. पैसे घेतले, हातात दिलं. शिवाय घेणारा एकट्यासाठी घेत नाही, प्रसाद वाटायचा असतो. आम्ही मात्र फक्त जागेवर खायचं विकत होतो, आणि "भाजणी घरचीच का हो?" असं विचारणाऱ्या बायकांना "हो" म्हणून पुढे पाठवत होतो!

पुढच्या वर्षी काय बदललं?

भाडं, टेम्पो, मदतनीस तेवढेच. दोन बदल केले.

1. प्लेट 70 रुपये. हातात 42 राहिले. 140 प्लेटी गेल्या, दहा कमीच. पण 5880 मधून 4650 गेले आणि 1230 उरले.
2. अर्धा किलो भाजणीची पाकिटं. खर्च 70, किंमत 120. 36 पाकिटं गेली, 1800 रुपये सुटले.

एकूण 3030. तवे तेच, पाय तेवढेच दुखले, पण वहिनी हसत घरी आल्या.

स्टॉल बुक करण्याआधी हे चार प्रश्न कागदावर लिहा

- बांधील खर्च किती?
- एका प्लेटीमागे हातात किती राहतात? त्याने बांधील खर्चाला भागा.
- आलेला आकडा गर्दीच्या वेळात तुमच्या तव्यातून निघतो का? नसेल तर भाव, पदार्थ किंवा जागा बदला.
- ग्राहकाला घरी न्यायला काय आहे?

आणि एक लक्षात ठेवा. तात्पुरत्या स्टॉललाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. पाकीट विकणार असाल तर त्यावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाचं हिरवं चिन्ह हवं. ही तयारी आदल्या रात्री होत नाही, महिनाभर आधी लागा.

गर्दी बघून खूश होऊ नका मंडळी, भागाकार करा! तुमच्या स्टॉलचे आकडे कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातलाच एक हिशेब सोडवू.