आधी डबा, मग फवारा

यलोस्टोनच्या वेशीवरच्या गार्डिनर किंवा वेस्ट यलोस्टोन या गावांत ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान असलं, की त्यात अस्वलांसाठी राखलेला एक कोपरा असतोच. सॅकला बांधायच्या घंटा, शिट्ट्या, मिरचीचे फवारे, जाड प्लॅस्टिकचे डबे आणि बॅटरीवर चालणारं विजेचं कुंपणसुद्धा तिथे मिळतं. घंटा काही डॉलरांत येते, कुंपणाला काहीशे मोजावे लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तंबू-सॅक घेऊन निघालेली, तिकडे नोकरी-शिक्षणासाठी गेलेली मराठी मंडळी या कोपऱ्यापाशी गोंधळतात. खर्च वाचवावा तर जिवाची भीती, आणि सगळंच घ्यावं तर विमानाच्या तिकिटाएवढं बिल.

गंमत अशी, की इथे किमतीवरून उपयोग ठरत नाही. सगळ्यात स्वस्त वस्तू, म्हणजे घंटा, जवळपास निरुपयोगी आहे. तिचा किणकिणाट दूरवर जात नाही, शिवाय अस्वलाला त्यावरून माणूस येतोय असं कळत नाही. महागडं कुंपण बहुतेकांना लागतच नाही. खरं काम करणाऱ्या दोन वस्तू मधल्या किमतीच्या आहेत, आणि त्यांतली एक तर पुष्कळदा भाड्याने मिळते.

पण आधी धोक्याचा अंदाज घेऊ. यलोस्टोनमध्ये दरवर्षी लाखो पर्यटक येतात. १९७९ नंतरच्या नोंदी पाहिल्या तर तिथे अस्वलामुळे जखमी होणारा माणूस सरासरी वर्षाला एक. मात्र या लाखोंतले बहुतेक जण मोटारीतून उतरून फोटो काढतात आणि पुढे जातात. रस्ता सोडून चार दिवस पायी फिरणाऱ्याची, रानात मुक्काम करणाऱ्याची जोखीम त्यांच्यापेक्षा जास्त असते. तयारी करायची ती त्याने.

खाण्याचा वास

या तयारीचा पाया १९६७ सालच्या एका रात्रीत आहे. माँटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये १३ ऑगस्टच्या त्या रात्री, काही तासांच्या अंतराने, दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन ग्रिझली अस्वलांनी दोन तरुणींचा जीव घेतला. पार्क १९१० साली स्थापन झाल्यापासून तिथे अस्वलाने माणूस मारल्याची ही पहिलीच वेळ होती. एका ठिकाणी विश्रामगृहामागे उष्टं-खरकटं टाकलं जाई आणि ते खायला येणारी अस्वलं पाहायला रोज रात्री पाहुणे जमत. दुसऱ्या ठिकाणचं अस्वल तर त्या उन्हाळ्यात तंबूवाल्यांच्या शिदोऱ्यांवर सरावलेलंच होतं. माणसाजवळ खाणं मिळतं, हे दोन्ही अस्वलं शिकली होती. पुढे राष्ट्रीय उद्यानांनी कचऱ्याबाबत कडक धोरण घेतलं आणि यलोस्टोनमधले उघडे उकिरडे १९७० पर्यंत बंद झाले.

म्हणून पहिला खर्च डब्यावर करायचा. याला तिकडे ‘बेअर कॅनिस्टर’ म्हणतात. जाड भिंती, गुळगुळीत गोल आकार आणि पंजाने उघडता न येणारं झाकण, एवढीच त्याची करामत. अस्वल तो लोळवतं, आपटतं, पण जबड्यात पकडू शकत नाही. वेस्ट यलोस्टोनमधल्या एका केंद्रात सांभाळलेल्या अस्वलांपुढे असे डबे आत खाऊ भरून टाकतात. अस्वलांनी एकूण तासभर झटापट करूनही डबा फुटला नाही, तर तो परीक्षेत पास. विकत घेतला तर शंभर डॉलरांच्या आसपास पडतो आणि रिकामाच किलोभर भरतो. पण विकत घेण्याची घाई करू नका. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमध्ये मुक्कामी ट्रेकला डबा सक्तीचा आहे आणि परवाना देणाऱ्या कचेरीतच तो भाड्याने मिळतो. अलास्कातल्या डेनालीत तर परवान्याबरोबर तो उसना देतात. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात डब्याशिवाय रानात मुक्काम करता येत नाही. झाडाला पिशवी टांगण्याची जुनी पद्धत फुकट असली, तरी योसेमिटीची अस्वलं ती केव्हाच कोळून प्यायली आहेत. १९९८ साली तिथल्या अस्वलांनी हजारावर मोटारी फोडल्या होत्या, त्यांच्यापुढे दोरी ती काय!

डब्यात फक्त जेवण ठेवलं की झालं, हा मराठी मंडळींचा नेहमीचा गैरसमज. वास येणारं सगळंच डब्यात जायला हवं. लाडू, चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी तर झालीच, पण टूथपेस्ट, सनस्क्रीन, साबण, दिवसभराचा कचरा आणि उशाशी ठेवायची सवय असलेली खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा. मग हा डबा तंबूपासून शंभर पावलं तरी लांब, सपाट जागी ठेवायचा. कड्याच्या किंवा ओढ्याच्या काठी ठेवला, तर अस्वलाने लोळवलेला डबा सकाळी दरीत शोधावा लागेल. स्वयंपाकही तंबूजवळ नको. फोडणीचा वास कपड्यांना धरला असेल, तर ते कपडे अंगात घालून झोपू नका.

मिरचीचा ठसका

दुसरा खर्च फवाऱ्याचा. माँटाना विद्यापीठातल्या अस्वल-संशोधनातून १९८०च्या दशकात हा ‘बेअर स्प्रे’ घडत गेला. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं यात १ ते २ टक्के असतात. अस्वलाचे डोळे, नाक, घसा यांची भयंकर आग होते, श्वास कोंडतो आणि ते वळून पळतं. थोड्या वेळाने त्याला पूर्ववत बरं वाटतं.

अस्वल-संशोधक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटना तपासून २००८ साली निष्कर्ष मांडला. तपकिरी अस्वलांच्या (ग्रिझली त्यांतलीच) बाबतीत ९२ टक्के आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० टक्के वेळा फवाऱ्याने त्यांचं नको असलेलं वागणं थांबलं. जवळून गाठ पडलेल्या, पण हाती फवारा असलेल्या माणसांपैकी ९८ टक्के जणांना खरचटलंही नाही. याच दोघांच्या गटाने २०१२ साली बंदुकीच्या २६९ घटना तपासल्या, तेव्हा बंदूक चालवणारे आणि न चालवणारे यांच्या जखमांत फरक आढळला नाही. धावत्या अस्वलावर नेम धरणं अवघड असतं, फवाऱ्याचा ढग मात्र नेम चुकला तरी वाटेत उभा राहतो. पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना तिकडचा कायदा बंदूक जवळ बाळगायला एरवी मनाईच करतो, त्यामुळे तो खर्च परस्पर वाचला.

एक फवारा साधारण ३५ ते ५० डॉलरांना मिळतो. घेताना डब्यावर ‘बेअर स्प्रे’ असे शब्द आणि पर्यावरण खात्याचा नोंदणी क्रमांक पाहा. पर्समधला छोटा पेपर स्प्रे स्वस्त असतो, पण त्याची बारीक धार अस्वलासाठी नाही. निदान ७.९ औंसांचा, २५ फुटांपलीकडे पोचणारा आणि सहा सेकंद तरी चालणारा फवारा हवा. वापरण्याची मुदत तीन-चार वर्षंच असते, म्हणून ‘सेल’मधला घेण्याआधी तारीख वाचा. विमानात तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इन सामानातही. त्यामुळे घ्यायचा तो तिथे पोचल्यावरच. एकाच सहलीसाठी हवा असेल तर यलोस्टोनच्या कॅन्यन भागात तो भाड्याने मिळतो. उन्हात तापणाऱ्या मोटारीत मात्र तो ठेवू नका, फुटतो.

फवारा सॅकच्या तळाशी असला तर नसल्यासारखाच. तो कमरेला किंवा छातीवरच्या पट्ट्याला लटकवा आणि सुरक्षा-खिटी काढायचा सराव घरी करा. अस्वल अंगावर येत असेल तर ३०-४० फुटांवर असतानाच, त्याच्या पुढ्यात किंचित खाली रोख धरून मारायचा. डासांच्या औषधासारखा तंबूवर किंवा अंगावर तो फवारू नका. वाळलेल्या मिरचीचा वास तपकिरी अस्वलांना उलट ओढून आणतो, हे स्मिथ यांनीच दाखवून दिलं आहे.

आणि एक, जाल तिथला नियम आधी विचारा. यलोस्टोनमध्ये ज्याची शिफारस होते, तोच फवारा योसेमिटीत जवळ बाळगायलाही बंदी आहे. तिथे ग्रिझली नाहीत, फक्त काळी अस्वलं आहेत, आणि त्यांच्यावर डबा हाच उतारा.

जे फुकट मिळतं

यलोस्टोनचे रेंजर तिघांनी किंवा जास्त जणांनी मिळून चालायला सांगतात. वळणावर, ओढ्याच्या खळखळाटात, दाट झुडपांत मोठ्याने बोलत राहायचं, म्हणजे अस्वल दचकत नाही आणि बहुधा आपणहून बाजूला होतं. दिसलंच, तर किमान १०० यार्डांचं अंतर ठेवायचं. पळायचं मात्र कधीच नाही. अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने धावू शकतं. पिलांसह असलेली, दचकलेली ग्रिझली अंगावर आलीच तर पालथं पडून मानेवर हात बांधायचे आणि सॅक पाठीवर राहू द्यायची. काळं अस्वल हल्ला करत असेल, किंवा कुठलंही अस्वल तंबूत शिरलं, तर असेल नसेल त्या बळाने झुंजायचं.

यातला आवाजाचा नियम विदर्भातल्या माणसाला नवा नाही. मेळघाटात, ताडोबाच्या भोवताली, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वलं आहेत, आणि मोहफुलं किंवा तेंदूपत्ता गोळा करायला जाणाऱ्यांची त्यांच्याशी गाठ पडते. आपलं अस्वल वाळवी खणण्यात गुंग असलं की माणूस जवळ येईपर्यंत त्याला चाहूल लागत नाही, आणि मग दचकून ते थेट चेहऱ्यावर झडप घालतं. म्हणून तिथली माणसं जमेल तितकं घोळक्याने, बोलत, हातात काठी घेऊन जातात. दोन खंड, दोन वेगळी अस्वलं, पण न दचकवण्याचा नियम एकच.

आता हिशेब मांडू. चार मित्र, चार दिवसांचा यलोस्टोनचा मुक्कामी ट्रेक. दोन डबे भाड्याने किंवा ओळखीत उसने. फवारे निदान दोन, एक पुढे चालणाऱ्याकडे आणि एक मागच्याकडे. ग्रिझलीच्या मुलखात चौघांना चार घेतले तर उत्तमच. घंटा, शिट्टी आणि कुंपण दुकानातच राहू द्या. निघण्याआधी रेंजरच्या कचेरीत जाऊन कुठल्या वाटेवर अलीकडे अस्वल दिसलं, हे विचारून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. एवढं करूनही पैसे उरले तर चांगल्या बुटांवर घाला. अस्वल भेटेल न भेटेल, पायाचे फोड मात्र नक्की भेटतात.